अंधार पडल्यावर तो पूल ओलांडायचा नाही

"इट्स अ ब्रिज, रेजिना," ग्लेन म्हणाला. "आपल्याकडेही ब्रिज आहे. मी दर गुरुवारी तो ओलांडून डेट्रॉइटला जेवायला जातो."

मी म्हटलं, "तू खुशाल जा. अनिकेत आज पलीकडे जाणार नाही."

कॅनडातल्या विंडसरमध्ये, नदीपलीकडे अमेरिकेचं डेट्रॉइट दिसतं तिथे, आमच्या कंपनीत वरच्या मजल्यावर ग्लेनच्या ऑफिसात आम्ही दोघंच होतो. बाहेर अंधारलं होतं. पार्किंग लॉटच्या कडेला फावड्यानं लोटलेल्या बर्फाचे ढीग होते आणि शेवटच्या दोन गाड्या आमच्याच होत्या. ग्लेन म्हणजे आमचा ऑपरेशन्सचा व्हाइस प्रेसिडेंट, सगळे प्लांट चालवणारा साहेब. मी हेल्थ अँड सेफ्टी मॅनेजर. लोकांची बोटं प्रेस मशीनखाली जाऊ नयेत, कानात प्लग असावेत, पायात सेफ्टी शूज असावेत, हे बघायचं माझं काम. त्यात काही वर्षांपूर्वी ट्रॅव्हल सेफ्टी माझ्या गळ्यात पडली. दुसरं कुणी घ्यायला तयार नव्हतं.

गाडीचं सीट मागेपुढे सरकतं ना, त्याच्या खालचे लोखंडी रूळ आम्ही बनवतो. थोडे विंडसरमध्ये, बरेचसे मेक्सिकोतल्या प्लांटमध्ये. तो प्लांट टेक्सासला अगदी खेटून असलेल्या एका बॉर्डर टाउनमध्ये आहे. मध्ये नदी, नदीवर पूल. गावाचं नाव मी लिहीत नाही. तिथली माणसं बदनामीला आधीच वैतागली आहेत आणि त्यात माझी भर नको. मी चार-पाचदा जाऊन आले आहे. गाव कष्टाचं आहे. सकाळी बेकऱ्यांबाहेर रांगा लागतात, शाळेची मुलं गणवेशात पळत असतात. पण त्या भागात टोळ्या आहेत, त्यांची आपसात भांडणं आहेत, आणि अंधार पडला की काही रस्ते त्यांचे होतात. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात, हे आमच्या ऑफिसात कुणाच्या डोक्यात शिरत नाही. निम्मे लोक म्हणतात, तिथे पाय ठेवला की मेलात. उरलेले ग्लेनसारखे.

ग्लेनसारखे म्हणजे अस्सल विंडसरकर. या लोकांना बॉर्डरचं काही म्हणजे काही वाटत नाही. दूध स्वस्त म्हणून पलीकडे, हॉकीची मॅच म्हणून पलीकडे, ऑनलाइन मागवलेलं पार्सल आणायला पलीकडे. लहानपणापासून नदीकाठी उभं राहून दुसरा देश बघितलेला. त्यामुळे जगातली प्रत्येक बॉर्डर म्हणजे डेट्रॉइटला जाणारा नदीखालचा टनेल, असा त्यांचा पक्का समज. ही चूक टोरोंटोचा माणूस करणार नाही. तो बॉर्डर म्हटली की आधीच घाबरतो.

म्हणून मी नियम केले. ते मी विंडसरमध्ये खुर्चीत बसून काढलेले नाहीत. त्या प्लांटच्या कॅन्टीनमध्ये बसून तिथल्या लोकांना विचारलं की तुम्ही स्वतः कसे राहता, कसे येता-जाता. ते जे करतात तेच आमच्या लोकांनी करायचं. मुक्काम टेक्सासच्या बाजूला. पूल फक्त दिवसाउजेडी ओलांडायचा, जाताना आणि येतानाही. गाडी रामिरोचीच, रस्त्यावरची टॅक्सी नाही. रामिरो हा आमचा ठरलेला ड्रायव्हर, राहणारा त्याच गावचा. कंपनीच्या नावाचं जॅकेट घालायचं नाही. रस्त्यात थांबून फोन काढून फोटो काढायचे नाहीत. कुणी अडवून काही मागितलं तर वाद न घालता द्यायचं, फोन असो, पाकीट असो की गाडी. आणि पूल ओलांडला, प्लांटला पोचलो, परत हॉटेलवर आलो, असा प्रत्येक टप्प्यावर मला मेसेज करायचा. याला आम्ही चेक-इन म्हणतो. मेसेज आला नाही तर मी फोन करते. फोन लागला नाही तर मी जेवत नाही, हे घरी माझ्या नवऱ्याला, विल्सनला, चांगलं माहीत आहे.

आणि अंगावर सोनं नाही. हा नियम गोऱ्यांना सांगावा लागत नाही. अनिकेतला सांगावा लागला.

अनिकेत आमचा नवा टूलिंग इंजिनियर. नाशिकचा. कॅनडात येऊन दीड वर्ष, आमच्याकडे लागून जेमतेम दोन महिने. मुलगा हुशार. कामाला वाघ. पण त्याला कुणाला नाही म्हणताच येत नाही. मशीन बंद पडलं, "मी बघतो." शनिवारी येशील का, "बघतो, मॅनेज करतो." निघायच्या आदल्या दिवशी मी त्याला ब्रीफिंगला बसवलं तर गळ्यात बोटभर जाडीची साखळी.

"ही काढायची," मी म्हटलं.

"ताई, आईनं लग्नात घातलीये. तेव्हापासून काढलेली नाही."

"मग आता काढ. शर्टाच्या आत घालून भागत नाही. तू वाकलास की बाहेर येते."

"घरी ठेवली तर बायको विचारेल, का काढली. मग तिला सगळं सांगावं लागेल."

मी माझा ड्रॉवर उघडला. त्यानं साखळी काढली, रुमालात गुंडाळली आणि आत ठेवली. ड्रॉवरला कुलूप लावून होईपर्यंत तो तिथेच उभा होता.

आता त्या दिवशी झालं काय ते सांगते. मेक्सिकोतल्या प्लांटमधल्या मोठ्या प्रेसची डाय तडकली. डाय म्हणजे पोलादी साचा, लोखंडी पट्टीवर दाबला की पट्टीला रुळाचा आकार येतो. तडकलेला भाग बदलायचा तर नवा तुकडा लागतो. त्याला इन्सर्ट म्हणतात. तो विंडसरच्या टूलरूममध्ये घाईघाईनं बनवला आणि अनिकेतच्या बॅगेत दिला. तिथे बसवून डाय जुळवायची हे त्याचं काम. नाही जमलं तर आमचे रूळ संपणार आणि कस्टमरची लाइन डाउन होणार. कारच्या कारखान्यात गाड्या ज्या पट्ट्यावरून पुढे सरकत तयार होतात, ती लाइन आपल्यामुळे थांबली, तर आमच्या धंद्यात त्याहून मोठं पाप नाही. साहेब लोकांचे आवाज बदलतात.

सगळं वेळेत बसलं असतं. पण डेट्रॉइटला बर्फ. विमानावरचा बर्फ धुण्यात वेळ गेला, पुढची फ्लाइट चुकली, आणि दुपारी टेक्सासला उतरायचा माणूस सूर्य मावळायला उतरला. रामिरो बिचारा एअरपोर्टवर दुपारपासून व्हॅन घेऊन थांबलेला. त्यानं अनिकेतला हॉटेलवर नेऊन सोडलं. मी दोघांच्या रूम बुक केल्या, म्हटलं उजाडल्यावर निघा.

तेवढ्यात अनिकेतचा मेसेज आला. "ताई, ग्लेन सरांचा फोन होता. म्हणाले आत्ताच क्रॉस कर. निघतो. काळजी करू नका."

मी लगेच फोन केला. जागचा हलू नकोस म्हटलं. तो म्हणाला, ताई, मी प्रोबेशनवर आहे. घर भाड्याचं आहे, बायको सातव्या महिन्यात आहे. ग्लेन सर उद्या म्हणतील, हा माणूस कामाचा नाही. मी विचारलं, तुला स्वतःला काय वाटतं? तो हळूच म्हणाला, रामिरो म्हणतोय की पुलापासून प्लांटपर्यंतचा रस्ता या वेळी चांगला नसतो. पण ऑर्डर आली तर तो नेईल.

म्हणून मी ग्लेनच्या ऑफिसात उभी होते.

ग्लेनला मी वाईट माणूस म्हणणार नाही. त्याच्यावर कस्टमरचं प्रेशर होतं, फोन सारखा वाजत होता. तो म्हणाला, व्हॅन आहे, ड्रायव्हर आहे, अर्ध्या तासाचा रस्ता आहे. मग म्हणाला, तुझं काम ॲडव्हाइस द्यायचं, डिसिजन माझा. ते खरंही होतं. कागदोपत्री मला ट्रिप थांबवायचा अधिकार नव्हता.

माझी आई वसईच्या बाजारात केळी विकायची. भाव एकदा सांगायची. गिऱ्हाईकानं घासाघीस सुरू केली की ती दुसरीकडे बघायला लागायची. मला ग्लेनशी घासाघीस करायची नव्हती. पण एक गोष्ट मला माहीत होती. आमच्या ऑन्टारियो प्रांतात कामगाराला धोक्याचं काम नाकारायचा हक्क कायद्यानं आहे. त्यानं नकार दिला की चौकशी होईपर्यंत साहेबाला त्याच्यावर जबरदस्ती करता येत नाही, नोकरीवरूनही काढता येत नाही. टेक्सासच्या हॉटेलात बसलेल्या माणसाला हा कायदा किती लागू, यावर वकील आठवडाभर भांडले असते. ग्लेन वकील नव्हता.

अडचण एवढीच की नकार कामगारानं स्वतः द्यायचा असतो. मी त्याच्या वतीनं देऊन चालत नाही. आणि कामगार कोण, तर आयुष्यात कुणाला नाही न म्हटलेला अनिकेत.

ग्लेननं त्याला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. मी ग्लेनसमोरच अनिकेतला त्याचा हक्क इंग्रजीत समजावून सांगितला आणि विचारलं, तू आज पलीकडे जातो आहेस का?

अनिकेत म्हणाला, "सर, आय विल सी. आय विल ट्राय टु मॅनेज."

ग्लेननं माझ्याकडे बघून हात पसरले. त्याच्या दृष्टीनं ते हो होतं. माझ्या कानाला ते स्पष्ट नाही ऐकू आलं. आपल्याकडे समोरच्याचा मान राखून नकार द्यायचा तर असाच देतात, आणि समोरच्यानं तो समजून घ्यायचा असतो. विंडसरमध्ये कोण समजून घेणार? मला दोघांचाही राग आला. मी मराठीत म्हटलं, "अनिकेत, बघतो म्हणू नकोस. इथे बघतो कुणाला कळत नाही. हो म्हण, नाहीतर नाही म्हण. मी तुझ्या बाजूला उभी आहे, पण तोंड तुलाच उघडायचंय."

ग्लेन म्हणाला, इंग्लिश प्लीज. मी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

मग अनिकेत म्हणाला, "नो, सर. आय ॲम नॉट क्रॉसिंग टुडे. इट इज नॉट सेफ."

ग्लेन खुर्चीत मागे टेकला. कपाळ चोळलं. मग त्याला एकदम मार्ग सुचला. "फाइन. तू राहा. इन्सर्ट रामिरोकडे दे. तो तिथलाच आहे, त्याला तसंही घरी जायचंय. प्लांटमधले लोक बसवतील जमेल तसं. आणि तो काही आपला एम्प्लॉयी नाही, कॉन्ट्रॅक्टर आहे."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात स्पीकरवरून अनिकेतच इंग्रजीत बोलला.

"इन्सर्ट माझ्या बेडखाली आहे, सर. मी तो देणार नाही. रामिरो तिथलाच आहे म्हणूनच त्याला तो रस्ता माहीत आहे. त्याला नाही म्हणता येत नाही, कारण त्याचं कॉन्ट्रॅक्ट तुमच्या हातात आहे. म्हणून त्याच्या वतीनंही मीच सांगतो. उद्या उजाडलं की आम्ही दोघं निघू."

माझा ऊर भरून आला, खोटं कशाला सांगू. मी ग्लेनला एवढंच म्हटलं, "माझ्या नियमात पासपोर्टचा रंग लिहिलेला नाही." ग्लेननं फोन कट केला आणि मला म्हणाला, उद्या लाइन थांबली तर कस्टमरशी तू बोल. बोलते, मी म्हटलं.

रामिरोनं हॉटेलवरून बायकोला कळवलं की आज येत नाही. सकाळी उन्हं आल्यावर माझ्या फोनवर अनिकेतचा मेसेज आला, पूल ओलांडला. थोड्या वेळानं दुसरा, प्लांटला पोचलो. दुपारी डाय जुळली, प्रेस सुरू झाला.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. कस्टमरची लाइन थांबली. पूर्ण दिवस नाही, पण थांबली. मी स्वतः त्यांच्याशी कॉलवर बोलले, ऐकून घेतलं, माफी मागितली नाही. वर्षाच्या रिव्ह्यूमध्ये माझ्या नावापुढे लिहिलं गेलं की मी टीम प्लेयर नाही. तो कागद मी विल्सनला वाचून दाखवला. तो म्हणाला, घरी तरी तू कधी होतीस?

अनिकेतचं प्रोबेशन पूर्ण झालं. त्याला हात लावायची कुणाची छाती झाली नाही, कारण कायद्याच्या आधारानं नकार दिलेल्या माणसाला काढायचं तर आधी माझ्याशी गाठ होती. परत आल्यावर तो साखळी न्यायला आला. गळ्यात घालून म्हणाला, बायकोला सगळं सांगितलं. ती दोन दिवस बोलली नाही, मग म्हणाली पुढच्या वेळीही ताईंकडेच ठेव.

महिन्याभरानं ग्लेननं माझा नियम बदलायला काढला. "अंधारात पूल ओलांडू नये" याच्याआधी "शक्यतो" घालू या, म्हणाला. मी म्हटलं, एकदा शक्यतो घातलं की दर गुरुवारी तो पाळणं शक्य होणार नाही. नियम आहे तसा राहिला, फक्त एक ओळ वाढली. त्यात ड्रायव्हरही आले.

त्यावर तो चिडून म्हणाला, "पण मला एक सांग. त्या रात्री त्या रस्त्यावर काही झालं तरी होतं का?"

मला माहीत नव्हतं. मी कधी चौकशी केली नाही आणि अजूनही करणार नाही. मी त्याला म्हटलं, झालं असेल, नसेल. आपलं कुणी तिथे नव्हतं.