फिद्दाची झोप

आमच्या वस्तीत कॉफी कुटणाऱ्या उखळीच्या आवाजावरून घर ओळखता येतं. फिद्दाची उखळी सावकाश वाजायची, पण वाजायची रोज. नवरा तरुणपणीच गेला, तरी तिने तंबूतली चूल कधी थंड पडू दिली नाही. पुरुष नाही म्हणून या घरात कॉफी मिळाली नाही, असं कुणी म्हणू नये, एवढाच तिचा हट्ट.

माझी थोरली बहीण उम्म नाइफ तिची शेजारीण. ती चिडवायची, "फिद्दे, तुझी कॉफी उंटाला पाजली तर तो मक्केपर्यंत थांबायचा नाही."

"आणि तुझी पाजली म्हणून तो बघ, तिथे घोरतोय!"

या हिवाळ्यात फिद्दाची एकुलती एक मुलगी तर्फा तापाने गेली. लग्नाच्या झग्यावरचं भरतकाम अर्धंच राहिलं.

दुखवट्याला लांबलांबच्या तळांवरून माणसं येत राहिली. आमच्यात प्रत्येक नव्या किटलीतला पहिला पेला यजमानाने पाहुण्यांसमोर प्यायचा असतो. यात विषबिष नाही, हे न बोलता सांगण्याची ती रीत. एक घोळका उठला की दुसरा यायचा, आणि फिद्दा पुन्हा पहिला पेला प्यायची. काळी, कडू कॉफी, आणि पोटात भाकरीचा तुकडा नाही. रात्री डोळे टक्क उघडे. दुःखच एवढं, झोप येणार कशी, असं सगळे म्हणत. तीही तेच म्हणे.

एका सकाळी विहिरीवर माझी बहीण तिला म्हणाली, "काल तर्फा माझ्या स्वप्नात आली गं. केस धुतलेले होते. हसत होती."

तिला वाटलं, आईला बरं वाटेल. फिद्दाने दोर सोडून दिला.

"तुझ्याकडे आली?"

"हो."

"काय म्हणाली?"

"काही नाही. नुसती बसली जवळ."

फिद्दाने दोर पुन्हा हातात घेतला. "माझ्याकडेही येत असेल. मी जागी दिसते, म्हणून दारातून परत जात असेल."

"मग झोप की बाई! तुला दुःख नाही जागवत, ती किटली जागवते. माझा धाकटा गेला तेव्हा मी रडत रडत का होईना, झोपत होते. हात बघ तुझे, कसे कापतात."

"तर्फासाठी आलेल्या माणसांसमोर पहिला पेला नाकारू? तिच्या नावाला बट्टा लावू?"

त्या दुपारी वस्तीतले वडीलधारे हाजी मिस्लेह आले. माझ्या बहिणीने त्यांच्या कानावर घातलं असावं. फिद्दाने पेला भरला, ओठाशी नेला, तोच म्हाताऱ्याने हात पुढे केला.

"आण इकडे."

"काका, आधी माझा."

"या वयात मला विष घालून तुला काय मिळणार? माझी आंधळी शेळी? आण म्हणतो ना."

आणि ते प्यायले. यजमानाने न चाखलेली कॉफी पाहुण्याने प्यायलेली मी जन्मात पहिल्यांदा पाहिली. पुढची किटली आली तेव्हा आणखी कुणाचा तरी हात तिच्या आधी पुढे झाला.

संध्याकाळी माझ्या बहिणीने वाळवलेल्या दह्याचा गोळा गरम पाण्यात विरघळवून त्यात भाकरी कुस्करली. ते खाल्लं की आमच्याकडे राखणदारसुद्धा पेंगतो. फिद्दाने वाडगं पुसून खाल्लं. मग तिने केस विंचरले, धुतलेला झगा घातला आणि तर्फाच्या अंथरुणावर आडवी झाली. बाहेर अजून उजेड होता.

दुसऱ्या दिवशी ऊन चांगलं वर आलं, तरी माझी बहीण तंबूबाहेर बसून कुणाला उखळीला हात लावू देईना. शेवटी पडदा हलला. फिद्दाच्या गालावर उशीची वीण उमटली होती. हात स्थिर होते.

"आली?"

"नाही." ती बहिणीशेजारी बसली. "झोप मात्र लागली. गच्च काळी. आत कुणीच नव्हतं."

त्यानंतरही तिला रोज झोप लागत गेली, आणि माझ्या बहिणीने विचारायचं सोडून दिलं. एका सकाळी फिद्दाच आपणहून म्हणाली, "उम्म नाइफ, ती परत तुझ्याकडे आली, तर एवढं सांगशील? म्हणावं, आई आता झोपते."