सुमनमावशींना ढाणकीला सोडून आले

बोंडअळीनं कापूस खाल्ला, त्याच्या पुढच्या वर्षातली गोष्ट. मी यवतमाळच्या एका बेघर निवाऱ्यात काम करत होते. सुमनमावशी तिथं आठ महिने होत्या. आधी त्या जिनिंगमध्ये कापसातला कचरा वेचायच्या. जिनिंग बंद पडलं, खोली सुटली आणि त्या बसस्टँडवर राहू लागल्या. ढाणकीला भाऊ आहे हे त्यांनी आठ महिन्यांनी सांगितलं. त्यांना पोचवायला मी निघाले.

ढाणकीला जायचं तर सकाळची उमरखेडची बस पकडा. आर्णीला गाडी थोडी थांबते, तिथं आलूबोंडा घ्या, वरून तिखट रस्सा, म्हणजे तर्री, मागून घ्या. मावशींनी अर्धाच खाल्ला. पुढे दोन्ही बाजूंना कापसाची पऱ्हाटी होती. "औंदा बरी दिसून राह्यली," एवढंच त्या बोलल्या.

उमरखेडहून काळीपिवळी जीप मिळते. तिच्यात बसल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "मॅडम, भावाले मी कामाले आहे असं सांगितलं होतं. तुमी काही बोलू नका."

"मावशी, तुम्हाला सोपवल्याची त्यांची सही लागते. कागदावर 'बेघर' लिहिलंय."

"मंग मले परत घेऊन चाला."

ढाणकीला उतरलो.

भाऊ शिंपी आहेत, दुकान घरालाच लागून. मावशींना बघून ते उठले. "बाई, किती वाळली वं तू." मग मला "जयभीम" घातला आणि विचारलं, "तुमी कोण?"

मावशी जमिनीकडे बघत होत्या.

"मी त्यांच्यासोबत काम करते," मी म्हणाले. "त्या आमच्याकडे स्वयंपाकाला होत्या."

अगदीच खोटं नव्हतं. रोज पोळ्या त्याच लाटायच्या.

भावजय त्यांना आत घेऊन गेली. माझा चहा संपला, मी माझा नंबर भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिला, थोडी रेंगाळले. आतून भांड्यांचे, बोलण्याचे आवाज येत होते. मावशी निरोपाला बाहेर आल्या नाहीत.

परतीच्या बसमध्ये मला रागच आला. त्यांच्या पायाच्या जखमेचं ड्रेसिंग मी तीन महिने केलं होतं. मग लक्षात आलं, बाहेर आल्या असत्या तर रडल्या असत्या, आणि स्वयंपाकाची बाई मॅडमसाठी एवढी रडत नाही.

निवाऱ्याच्या व्यवस्थापकांनी भावाची सही मागितली. मी खरं सांगितलं. ते म्हणाले, "उद्या भावानं हाकललं तर आपल्याकडे काय पुरावा आहे?" त्यांचं बरोबर होतं. त्याच संध्याकाळी मावशींच्या खाटेवर दुसऱ्या बाईसाठी मी चादर घातली. पुढे कितीतरी दिवस अनोळखी नंबर दिसला की हातातलं काम सोडून मी फोन उचलायचे.

दिवाळीच्या आसपास ढाणकीहून फोन आला. मावशीच होत्या.

"मॅडम, तुमचा कागद पाठवा. भाऊ सही करते. मी सांगून टाकलं सगळं."

"काय म्हणाले?"

"दोन दिवस बोललाच नाही माह्याशी. मंग म्हणे, बाई, मले तवाच काहून नाही बोलावलं तू?"