मढच्या विधवेचं घड्याळ

मुंबई उपनगरातील तमाम नागरिकांना अत्यंत जड अंतःकरणाने कळविण्यात येते की, मुलुंड पूर्वेतील एका फ्लॅटच्या बेडरूममधील लोखंडी कपाटातून चालणारा, जुन्या मनगटी घड्याळांच्या खरेदी-विक्रीचा व्यवसाय कायमचा बंद झाला आहे. सदर कपाटात आता पांघरुणे ठेवली जातात. घड्याळांचे पुढे काय झाले, याची कृपया कोणीही चौकशी करू नये. घरातील बाई चिडतात.

व्यवसायाचा मालक माझा शाळेपासूनचा मित्र. मी त्याचा साहित्य विभाग. हा हुद्दा मी स्वतःच स्वतःला दिला होता, पण काम खरोखर तेच करत होतो.

पन्नाशी उलटल्यावर मित्राच्या कंपनीने त्याला शाल-श्रीफळ देऊन, म्हणजे अगदी सन्मानाने, घरी बसवलं. घरी बसलेली माणसं नाना उद्योग करतात. कुणी सोसायटीचा सेक्रेटरी होऊन लोकांच्या कुंड्यांवर आक्षेप घेतो, कुणी शेअर बाजारात जातो आणि मग बराच काळ कुणाशी बोलत नाही. हा घड्याळांच्या नादी लागला. आपल्या वडिलांच्या मनगटावर असायची ती, रोज चावी द्यावी लागणारी घड्याळं. त्याने कुठून तरी ऐकलं की अंधेरीच्या काचेच्या इमारतींतून काम करणारी मंडळी असल्या घड्याळांवर जीव टाकतात. ज्यांच्या मोबाईलला साऱ्या जगाची वेळ कळते, त्यांना आता रोज पाच मिनिटं मागे पडणारं घड्याळ हवं होतं. माणसाचं पोट भरलं की त्याला गैरसोयीची भूक लागते, असं माझं एक मत आहे. ते इथे फुकट देतो.

सुरुवातीला मित्राने माल चकचकीत करून विकायला काढला. काच नवी, पट्टा नवा, तबकडीसुद्धा रंगवून घेतलेली. कुणी बघेना. लोकांना जुनं हवं होतं आणि जुनं म्हणजे जुनं दिसणारं. मग त्याने ओरखडे आणि डाग तसेच ठेवले. तरी विक्री लंगडीच.

एका सकाळी त्याचा फोन आला. "अरे, मोबाईलवर फोटो टाकतोय. खाली दोन ओळी लिहून दे ना. तुझं मराठी चांगलंय."

"कुणाचं होतं घड्याळ?"

"रद्दीवाल्याकडून आणलंय."

आता "रद्दीवाल्याकडून आणलंय" असं लिहिल्यावर कोण घेणार? मी लिहिलं की हे पार्ल्यातल्या एका गणिताच्या मास्तरांचं. परीक्षेत एखाद्या पोराचं शेवटचं उदाहरण राहिलं की मास्तर खिडकीकडे तोंड करून हळूच काटा मागे घेत. घड्याळ दुपारच्या जेवणाआधी विकलं गेलं. शिवाय तीन बायका आणि एक कर्नल मोबाईलवर रडले.

त्या दिवसापासून आमच्या धंद्याची रीतच ठरली. मित्र घड्याळ आणायचा, मी त्याला मयत मालक पुरवायचो. घाटकोपरची टेलिफोन ऑपरेटर झाली, बोरिवलीचा पोस्टमन झाला. गिरणी बंद पडल्यावरही पाळीच्या वेळेला न चुकता घड्याळाला चावी देणारा कोकणातला मुकादम तर इतका चालला, की तो मी निरनिराळे पट्टे लावून पुन्हा पुन्हा विकला. गिऱ्हाईक घड्याळाचं यंत्र कसं आहे हे विचारतच नसे. "मालक कसा गेला?" एवढंच विचारी. शांतपणे गेला असेल तर भाव कमी यायचा.

पण मित्राचा एक दोष होता. दोन विकली की हा पाच आणायचा. हळूहळू बेडरूमचं कपाट भरलं. साड्या बाहेर, घड्याळं आत. आणि सकाळी उठून हा सगळ्यांना चावी द्यायचा, कारण चावी दिली नाही तर म्हणे ती रुसतात.

"भाऊजी, तुम्ही एकदा इथे झोपून बघा," वहिनी मला म्हणाल्या. "कपाटात झुरळांचा मोर्चा निघाल्यासारखं वाटतं." मग नवऱ्याकडे वळून, "तुला सांगून ठेवते. दसऱ्याच्या आत कपाट रिकामं पाहिजे. नाहीतर हे सगळं उचलून देवनारला, डंपिंगवर."

"अगं, त्यात एकेक वस्तू अशी आहे ना..."

"मग तूही जा त्यांच्याबरोबर. तिथे जागा भरपूर आहे."

वहिनी बोलल्या की करतात. पूर्वी त्याचा हार्मोनियम असाच गेला होता. मित्र खचला. त्याला एकच आशा होती, ती म्हणजे अंधेरीचं गिऱ्हाईक.

हे गिऱ्हाईक चाळिशीचं होतं. दुसऱ्या कंपन्यांना सल्ला देणाऱ्या कंपनीत मोठ्या पगारावर. एका हातात नाडी मोजणारं घड्याळ आणि दुसऱ्या हातात आमचं, त्यामुळे कुणी वेळ विचारली की दोन्ही हात पुढे करून उभं राहायचं, आरतीला टाळ्या वाजवणाऱ्यासारखं. त्याला स्वतःचा संग्रह करायचा होता आणि ते उरलेला सगळा माल एकदम उचलायला जवळजवळ तयार होतं. तेवढ्यात त्याने मढचं घड्याळ विकत घेतलं.

मढचं घड्याळ ही माझी सर्वोत्तम कृती. एक कोळी रोज हे घड्याळ घालून मासेमारीला जायचा. एकदा घाईत खुंटीवर विसरला. त्या दिवशी होडी परत आली नाही. त्याच्या बायकोने घड्याळाला पुन्हा कधी चावी दिली नाही. खरी हकिकत अशी की मढच्या गावठाणातल्या एका ख्रिस्ती मावशीच्या शिवणाच्या डब्यात ते बटणांबरोबर पडलेलं होतं. तिच्या नवऱ्याला चर्चच्या सणाच्या लॉटरीत मिळालेलं. नवरा धडधाकट होता आणि समुद्राला इतका घाबरायचा, की वर्सोव्याला यायचं झालं की खाडी ओलांडणाऱ्या तरीने न येता मालाडवरून बस पकडायचा.

दसरा तोंडावर आला आणि गिऱ्हाइकाचा फोन आला. मित्राने स्पीकर लावला.

"सर, मला झोप येत नाहीये," गिऱ्हाईक म्हणालं. "हे घड्याळ माझं नाही. मला ते त्या बाईंना परत द्यायचंय."

मित्र म्हणाला, "परत? पैसे..."

"पैसे नकोत हो! फक्त त्यांच्या हातात द्यायचंय. मला क्लोजर पाहिजे. छोटासा व्हिडिओ करीन म्हणतो. आणि ते झालं ना, की तुमच्या सगळ्या कलेक्शनबद्दल बोलू. मन हलकं झाल्याशिवाय मला मोठा निर्णय घेता येत नाही."

फोन ठेवल्यावर मित्र माझ्याकडे असा बघत राहिला, जणू कोळ्याला मीच बुडवलं होतं. तसा तो बुडवला मीच होता म्हणा.

"वाट लागली," तो म्हणाला. "आता विधवा कुठून आणू?"

"आहे की. फक्त तिचा नवरा जिवंत आहे."

आम्ही मढला गेलो. मावशीने ओट्यावर बसून सगळं ऐकून घेतलं. एवढ्या शांतपणे की मला काळजी वाटली, ही आता झाडू काढते. पण तिचं घर मालिकांच्या शूटिंगला भाड्याने जायचं. तिच्या ओट्यावर किती लग्नं मोडली होती, किती आया मेल्या होत्या, हे तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. असल्या गोष्टींचं तिला नवल नव्हतं.

"फोटो पाहिजे ना ह्याचा?" तिने विचारलं. "पुढे मेणबत्ती लावते. आणि काळा रुमाल हाय, शूटिंगवाले विसरून गेलेले."

आत पेपर वाचत बसलेला नवरा म्हणाला, "म्हणजे मी मेलो?"

"एक सकाळ मर की. रोज तरी काय करतोस?"

"आणि घड्याळ?"

"ते आपल्यालाच राहणार. हो ना रे बाबा?"

मित्राने मान डोलावली. त्याने हेच घड्याळ तिच्याकडून विकत घेतलं होतं, आता ते तिला फुकट परत जाणार होतं. अशा धंद्याला काय म्हणतात हे मला ठाऊक नाही, पण याला फायदा म्हणत नाहीत.

ठरलं असं की नवऱ्याने शेजारी जाऊन पत्ते खेळावेत. जाताना त्याने कोंबडाही बगलेत मारून न्यावा, कारण हा कोंबडा नको तेव्हा ओरडतो आणि शूटिंगच्या दिवशी त्याला नेहमीच शेजारी पाठवतात. नवरा आणि कोंबडा दोघांची सोय झाली.

ठरल्या दिवशी आम्ही तिघे वर्सोव्याहून तरीत चढलो. चार स्कूटरी, एक मासळीची टोपली, दोन कॉलेजची पोरं आणि पांढरा झब्बा घातलेलं आमचं गिऱ्हाईक. त्याने घड्याळ मखमली डबीत ठेवलं होतं. खाडीच्या मध्यावर त्याने गंभीरपणे विचारलं, "हेच का ते पाणी?"

मित्र म्हणाला, "हो. साधारण हेच."

गिऱ्हाइकाने डोळे मिटले. टोपलीवाली बाई त्याला म्हणाली, "उलटी होत असेल तर तिकडे तोंड कर."

मावशी दारात आली आणि मी मनातल्या मनात तिला सलाम ठोकला. काळा रुमाल, सरळ पाठ, चेहऱ्यावर काही नाही. आत क्रूसाखाली नवऱ्याचा तरुणपणचा फोटो होता, पुढे मेणबत्ती. गिऱ्हाइकाने एका हाताने मोबाईल उंच धरला आणि दुसऱ्या हाताने डबी पुढे केली.

"आंटी, हे तुमचं आहे."

मावशीने लगेच घेतलं नाही. पदराला हात पुसले. मग घड्याळ उचलून कानाला लावलं आणि डोळे मिटून ऐकत राहिली.

"बंद हाय," ती म्हणाली. "चावी द्यायला तो नाय ना."

हे वाक्य माझं नव्हतं. मी आयुष्यात इतकं चांगलं लिहिलेलं नाही. माझ्याच डोळ्यांत पाणी आलं, आणि मला पक्कं माहीत होतं की तिचा नवरा शेजारच्या घरात रमी खेळतोय. गिऱ्हाईक हुंदके देऊन रडायला लागलं. नेमका त्याच वेळी शेजारून कोंबडा जोरात आरवला, एकदा आणि मग पुन्हा एकदा. मावशीच्या कपाळाला बारीकशी आठी पडली, पण तिने गिऱ्हाइकाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तीही रडली. बाकी काही बिघडलं नाही. नवरा आला नाही. मेणबत्तीसुद्धा विझली नाही.

आम्ही ओटा उतरून अंगणात आलो. गिऱ्हाइकाने नाक पुसलं, मोबाईल खिशात ठेवला आणि मित्राचे दोन्ही हात धरले.

"सगळी घेतो," ते म्हणालं. "पूर्ण कपाट. उद्याच गाडी पाठवतो. अशा गोष्टी कुठेही जाता कामा नयेत. जगात अजून काहीतरी खरं शिल्लक आहे, सर."

मित्राने माझ्याकडे पाहिलं. इतका सुखी चेहरा मी त्याच्या लग्नातही पाहिला नव्हता. त्याने तिथल्या तिथे फोन काढून वहिनींना कळवलं, "कपाट रिकामं समज." आम्ही फाटकापाशी पोचलो. गिऱ्हाइकाने शेवटचं म्हणून मागे वळून त्या घराकडे पाहिलं आणि छातीवर हात ठेवला.

तेवढ्यात मावशी रुमाल सावरत, धावतपळत ओट्यावर आली आणि हात उंच करून ओरडली, "अरे थांबा, थांबा! मेला कोंबडा आरवला ना मध्येच, आवाज आला असेल! परत एकदा घेऊ या, ह्या टायमाला मी जरा उशिरा रडते!"