सहीचं मत

हिल्डा थ्रेलफॉल सोळा वर्षं गावची नगरसेविका होती. बसथांब्याला छप्पर हवं म्हणून तिने कौन्सिलचं डोकं खाल्लं आणि मिळवलंच.

यंदाच्या मतमोजणीत अधिकाऱ्याने एक शंकास्पद मतपत्रिका दोन्ही उमेदवारांना दाखवली. हिल्डाच्या नावापुढे फुली होती आणि खाली लिहिलं होतं, "छपराबद्दल आभार, हिल्डा. आता बसची वाट बघताना भिजत नाही. तुझी, नोरा हॅलम."

मतपत्रिकेवर मतदाराने स्वतःचं नाव लिहिलं की मत बाद! हिल्डा एका मताने पडली.

"त्या नोरा म्हातारीने पाडलं की गं तुला!" जिंकलेला केन म्हणाला.

"गप रे! सोळा वर्षं शिव्या खाल्ल्या, त्याही निनावी. आभार मानले ते हिनेच, आणि तेही सहीनिशी!"