धक्क्यावर शिकलेली नोंद

माझ्या आतेसासूबाईंपुढे ‘बरं चाललंय’ म्हणण्याची हिंमत अख्ख्या रायगड किनाऱ्यावर कुणात नाही. “बरं म्हणजे काय? काय पाहिलंस ते सांग!” असं त्या जावयालाही दरडावतात. तीस वर्षं लोकांची दारू सोडवून त्या निवृत्त झाल्या, तेव्हा नागावच्या नारळी-पोफळीत रमतील असं आम्हाला वाटलं होतं. कसलं काय! दिघीजवळच्या आमच्या व्यसनमुक्ती केंद्रात आम्हा कार्यकर्त्यांना नोंदी लिहायला शिकवायला त्या येऊन थडकल्या आणि पहिल्याच दिवशी माझी वही सगळ्यांदेखत वाचली. ‘पेशंट उदास. प्रतिसाद कमी. समुपदेशन केले.’ चष्मा कपाळावर चढवून म्हणाल्या, “सूनबाई, हा माणूस आहे की हवामानाचा अंदाज?”

शिकवण्याची तऱ्हाही जगावेगळी. आम्हाला फेरीबोटीच्या धक्क्यावर नेलं. एकाने तिथल्या कुठल्याही माणसाची नोंद लिहायची, दुसऱ्याने ती वाचून तो माणूस हुडकून आणायचा. मी लिहिलं, ‘मध्यम वय, चिंताग्रस्त.’ माझा सहकारी बिचारा दोन कोळी, तिकीटवाला आणि बायकोशी नुकताच भांडलेला एक पुण्याचा पर्यटक घेऊन आला. पर्यटक हमरीतुमरीवर आला. आत्याबाई मात्र खूश! “चौघांत एकही तो नाही ना? अशी तुझी नोंद!” तेव्हापासून मी मुकाट्याने माणूस काय बोलला ते त्याच्याच शब्दांत लिहू लागले.

आणि गेल्या महिन्यात काय झालं सांगू! होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा आमचा एक पेशंट, दारू सोडून चाळीस दिवस झालेले, घरच्यांशी फोनवर भांडला आणि केंद्रातून तडक निघून गेला. मी नेमकी रजेवर, म्हसळ्याला बहिणीकडे. पण त्याच सहकाऱ्याने माझी नोंद उघडली. तिच्यात पेशंटचे शब्द होते : “डोका फिरला का दिघीच्या धक्क्यावर बसतो. दोन बोटी जाव देतो. तिसरी येईपर्यंत कोन बोलला न्हाय, तर पाय गुत्त्याकडं वलतान.”

सहकाऱ्याने मोटारसायकल अशी दामटली म्हणता! धक्क्यावर पोचला तर दुसरी बोट कधीच गेलेली, तिसरी टेकायला आलेली आणि आमचा माणूस उठून उभा! हा धापा टाकत एवढंच म्हणाला, “चहा घेतोस?” दोघांनी तीन-तीन कप चहा घेतला आणि परत आले. नाही प्यायला! एक थेंबसुद्धा नाही!

दुसऱ्या दिवशी केंद्रात पोचताच मी आत्याबाईंना फोन लावला. पेशंटचं नाव न सांगता ती नोंद वाचून दाखवली. त्यांनी ती दुसऱ्यांदा वाचायला लावली. आता काहीतरी खोट काढणार, म्हणून मी तयारीतच होते.

“आमच्या ह्यांचीही फाईल होती गं,” त्या म्हणाल्या. त्यांचे यजमान, आमचे काका, दारूने गेले, हे घरात कुणी बोलत नसे. त्यानंतरच आत्याबाई या कामात शिरल्या होत्या. “ते गेल्यावर मी दवाखान्यातून मागून आणली. चांगली जाडजूड. तपासण्या, औषधं, सगळं आहे. हे स्वतः काय म्हणाले, ते मात्र एका पानावर नाही.”

मला फार वाईट वाटलं.

“वाच बघू पुन्हा,” त्या म्हणाल्या. “सावकाश वाच.”