किक मारताना घ्यायचं नाव

दुर्गापुऱ्याच्या फाटकाजवळच्या त्या मिस्त्रीचं नाव मी कधी विचारलं नाही. देवांची नावं मात्र त्याच्या जिभेवर असायची. स्कूटर दुरुस्त झाली, की किक मारताना तो मालकाच्या देवाचं नाव घ्यायचा. सरदारजी आले की ‘वाहेगुरू’, खाँसाहेब आले की ‘या अल्लाह’. स्वतःचा देव कोणता, ते त्याने कधी कळू दिलं नाही.

त्या दिवशी आई साताऱ्याहून इकडे उत्तरेत माझ्याकडे पहिल्यांदाच एकटी येत होती. तिला हिंदीचा गंध नाही, गाडीची वेळ झालेली, आणि माझी स्कूटर नेमकी फाटकापाशीच बंद पडली! मिस्त्रीने प्लग घासला, कार्बोरेटर फुंकला आणि विचारलं, "आपके भगवान का नाम, बाबूजी?"

"मैं नहीं मानता. जल्दी करो, भैया!"

"न सही. चोट लगे तो मुँह से क्या निकलता है?"

"आई गं!"

त्याने पाय उचलला आणि अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असा ओरडला, "आई गंऽऽ!" पहिल्याच किकला स्कूटर धडधडली!

मी सुसाट सुटलो. फलाटावर ट्रंकेला बिलगून बसलेली आई मला पाहताच रडत म्हणाली, "देवासारखा आलास रे!"