फळ्यावरची शेवटची ओळ

दौलतदादा गेल्याचं त्यांच्या मुलीने मला ऑफिसात फोन करून सांगितलं. स्वाइन फ्लू झाल्याचं कळून आठ दिवस झाले होते, तरी मनाने ते धरलं नव्हतं. "काका, पप्पा गेले..." एवढं बोलून ती थांबली. मग म्हणाली, "फळा तुम्ही लिहाल का? पप्पा तुमच्याशिवाय कुणाला खडूला हात लावू देत नव्हते." मी हो म्हणालो. मी लिहिलेला फळा त्या दिवशी सगळ्या गल्लीने वाचला. तो तसा का लिहिला, हे मात्र महिनाभर माझ्याजवळच राहिलं. आज सांगून टाकतो.

अंबरनाथ पश्चिमेला आमच्या गल्लीच्या तोंडाशी बुद्धविहार आहे आणि त्याच्या भिंतीवर काळा फळा. एरवी त्यावर सुविचार असतो. कुणी गेलं की सुविचार पुसून गेलेल्याचं नाव येतं. दौलतदादा कारखान्यात पेट्यांवर अक्षरं रंगवायचे. ते हात रिटायर झाल्यावर स्वस्थ कसे बसणार? फळा त्यांनी आपणहून अंगावर घेतला, मग मयत बौद्धाघरचं असो की आमच्यासारख्या कोकणातून आलेल्यांचं. आधी ओल्या फडक्याने फळा पुसायचा, मग खडू पाण्यात भिजवून लिहायचं. ओला खडू लिहिताना दिसतच नाही. फळा वाळला की अक्षर पांढरंशुभ्र उमटतं आणि पुसटही होत नाही. मी शेजारी पाण्याची वाटी धरून उभा राहायचो, अक्षर शिकायचो, घाई करायचो. दादा म्हणायचे, "सुधाकर, वाळू दे रे जरा. गेलेल्याला घाई नाही, तुला कसली?"

खरवईला मुलीने नवा फ्लॅट घेतला तेव्हा ती आईवडिलांना तिकडे बोलावत होती. दादा म्हणाले, "तिकडे कोण मरतं ते मला ठाऊक नाही. मी जाऊन लिहू काय?"

फळ्याची शेवटची ओळ त्यांची ठरलेली. अंत्यविधीची वेळ लिहिली की खाली, जाड अक्षरात, एकटाच शब्द... 'यावे.' मी एकदा म्हणालो, "दादा, वेळ दिली म्हणजे लोकांना कळतंच की." ते म्हणाले, "वेळ ही बातमी झाली. आपण बातमी देत नाही, बोलावतो."

त्या शब्दाचं मोल मला माझे वडील गेले तेव्हा कळलं. अण्णांचं गल्लीत एकही घर भांडायचं राहिलं नव्हतं. पाण्यावरून, कचऱ्यावरून, कुणाच्या रेडिओवरून. खांद्याला चार माणसं तरी मिळतील का, ही मला धास्ती होती. "नुसतं नाव लिहा दादा," मी म्हणालो. दादांनी माझ्याकडे पाहिलं आणि नावाखाली लिहिलं, 'साऱ्या गल्लीला शिस्त लावणारे आपले अण्णा.' वाचणारा हसायचा आणि मग आमच्या दाराकडे वळायचा. किराणावाले मेघूशेठ, मूळचे उल्हासनगरचे, अण्णांशी त्यांचं रोजचं वाजायचं. ते डोळे पुसत म्हणाले, "अण्णाने मला दस साल शिव्या घातल्या. आता दुकान उघडायला काय मजा?" त्या दिवशी गल्ली मावली नाही आमच्या दारात. माझ्या बापाला दादांनी माणसं मिळवून दिली.

आणि मी त्यांच्यासाठी काय केलं? नाव लिहिलं, वेळ लिहिली. त्याखाली लिहिलं, 'वरून सूचना असल्याने अंत्यविधीस गर्दी करू नये. घरी भेटीस येऊ नये.' अशी सूचना कुणीच दिली नव्हती. शाळा बंद होत्या, मास्क मिळत नव्हते, तोंडाला रुमाल बांधल्याशिवाय कुणी बाहेर पडत नव्हतं, हे सगळं खरं. पण मी लोकांच्या काळजीने लिहिलं नाही. 'यावे' लिहिलं असतं तर मलाही जावं लागलं असतं. मी घाबरलो होतो. गेलो नाही. बोटांवर मोजण्याइतकी माणसं होती म्हणे. दादांच्या दारासमोरून जातानाही मी पलीकडच्या कडेने जायचो.

महिन्याभराने या साथीत गेलेल्या आपल्या भागातल्या सगळ्यांसाठी विहारात शोकसभा ठरली. आदल्या संध्याकाळी दादांच्या पत्नी, आमच्या वहिनी, खडूची पत्र्याची डबी घेऊन घरी आल्या. "भाऊजी, सभेचा फळा लिहायचाय." मी म्हणालो, "मला नका सांगू, वहिनी..." आणि मग सगळं बोलून गेलो. सूचना खोटी होती, मीच रचली, सगळं.

त्यांनी डबी खाली ठेवली. "माहीत आहे मला," त्या म्हणाल्या. "नगरपालिकेचा माणूस फवारणीला आला होता, त्यालाच विचारलं. तो म्हणाला, आम्ही असलं काही सांगितलं नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? माझी सख्खी बहीण उल्हासनगरला राहते. तीही आली नाही. तिने काही तुमचा फळा वाचला नव्हता." त्यांनी डबी माझ्यापुढे सरकवली. "राग आहे माझा, भाऊजी. तो असू दे. पण अक्षर त्यांनी तुम्हाला शिकवलंय, ते वाया घालवू नका."

माफ केलं, असं त्या म्हणाल्या नाहीत. त्यांनी काम दिलं. माझ्यासारख्याला याहून जास्त काय मिळायला हवं होतं? दादा असते तर त्यांनीही हेच केलं असतं.

सकाळी डबी उघडली. आत दादांनी जपून ठेवलेले खडूचे तुकडे, बोटांच्या चिमटीत झिजलेले. ओल्या फडक्याने फळा पुसला, खडू पाण्यात भिजवला. सगळ्यांची नावं लिहिली, गल्ली ज्या नावाने हाक मारायची तीही. सर्वांत वर दादांचं, 'आपणा सर्वांना बोलावणारे दौलतदादा'. मग सभेची वेळ आणि त्याखाली शेवटचा शब्द.

मागे मेघूशेठ येऊन उभे होते, तोंडाला रुमाल. "सुधाकर, आखरी लाइन दिखती नहीं."

"वाळू दे जरा, शेठ."

ते थांबले.